तव्यावरचे मोदक

बाबा कुवेतला आले तेव्हा त्यांच्या पट्ट्याला एक नवीन भोक होतं. कारखान्यातून येताना असतात त्या भोकांच्या पुढे, खिळा आणि हातोडी घेऊन घरीच पाडलेलं, वेडंवाकडं. विमानतळावर मी त्यांना मिठी मारली तेव्हा फक्त हाडं हाताला लागली. भोक दिसलं दुसऱ्या दिवशी, ते अंघोळीला गेले आणि पट्टा खुर्चीवर राहिला तेव्हा. मी तो हातात घेऊन स्वयंपाकघरात बराच वेळ उभी होते. मग भाजी करपल्याचा वास आला.

आई गेली त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी त्यांची एकुलती एक मुलगी. सिंधुदुर्गातलं आमचं गाव, तिथे बाबांची पिठाची गिरण. मी लग्न करून इथे आले, एका रुग्णालयात लॅब टेक्निशियन म्हणून लागले आणि कुवेतच्या महबूला भागातच मुरले. आई-बाबा तिकडे, आम्ही इकडे, असं सगळं सुरळीत चाललं होतं. आई गेल्यावर त्या सुरळीतपणातली गोम कळली. बाबांना कुणी जेवायला वाढायचं, याचा विचारच कुणी कधी केलेला नव्हता.

बाबांना साधा भातही लावता येत नाही असं नव्हतं, गिरणीवर चहा तर तेच करायचे. पण जन्मात त्यांनी कधी ‘भूक लागली’ म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळच आली नाही. दुपारी ते गिरण बंद करून यायचे, भुवयांपर्यंत पिठानं पांढरे झालेले, मागच्या दारी हातपाय धुवायचे, आणि आतून आईची हाक यायची, “वाढलंय.” तेवढा एक शब्द. रोजचा. भांडण झालेलं असलं तरी तो शब्द चुकायचा नाही, फक्त आवाज चढलेला असायचा. आई गेल्यावर शेजारच्या काकी डबा पाठवायच्या आणि डबा अर्धाअधिक परत जायचा. बाबांचं म्हणणं एकच, “माका भूक नाय.”

म्हणून मी त्यांना व्हिजिट व्हिसावर इकडे आणलं. म्हटलं, लेकीच्या हातचं खातील, नातीला बघतील, हवापालट होईल. कसलं काय. इथे आल्यावर त्यांनी जेवणातून अंग आणखी काढून घेतलं. ताटावर बसायचे, भात चिवडायचे आणि “झाला माझा” म्हणून उठायचे. मी ड्यूटीवर जाताना फ्रिजमध्ये डबे भरून ठेवायची. आल्यावर विचारलं की उत्तर ठरलेलं, “जेवलंय मी.” डबे रिकामे दिसायचे तेव्हा मला बरं वाटायचं. एक दिवस माझी मुलगी म्हणाली, “आई, आपल्या बाल्कनीतले पिजन्स बघितलेस? दे आर सो फॅट.”

मी तापट आहे, हे माझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी मी बाबांवर ओरडले. मी काळजी करते तेव्हा ओरडते, आई पण तशीच होती. बाबा खिडकीपाशी बसून ऐकत राहिले आणि मी दमल्यावर म्हणाले, “अगो, कबुतरां पण उपाशीच होती.”

मी त्यांचं रक्त तपासलं. माझ्या हाताखालून एवढी रक्तं जातात, बापाचंच कसं सोडीन? साखर, थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड, जे जे करता येईल ते सगळं केलं. पोटाची सोनोग्राफी करून आणली. सगळं नॉर्मल. दुसऱ्या कुणाचा असा रिपोर्ट आला असता तर मी पेढे वाटले असते. पण काही निघालं असतं तर औषध तरी देता आलं असतं, असं मला वाटायचं आणि असं वाटल्याबद्दल माझी मलाच चीड यायची. आमच्याकडच्या पुण्याच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, “हे बघ, रोग काही नाहीये. पण वजन आणखी उतरलं तर रोग यायला वेळ लागणार नाही. त्यांना काहीतरी खावंसं वाटलं पाहिजे, बस्स.”

खावंसं वाटावं म्हणून मी काय काय केलं! फहाहीलच्या बाजारात जाऊन ताजी जुबैदी आणली, आपलं पापलेट. आंबोळ्या घातल्या, काळ्या वाटाण्याची उसळ केली, आणि रोज चिकनचं सूप. त्या सुपाला तर ते हातही लावायचे नाहीत. बाबांच्या मते ब्रॉयलर कोंबडी म्हणजे भिजवलेला कापूस. खायची तर गावठी, नाहीतर मटण. मी मटणही केलं. दोन फोडी खाल्ल्या आणि म्हणाले, “बरा झाला हा.” आईच्या मटणाला ते कधीच बरं म्हणायचे नाहीत, नुसतं ताट पुढे करायचे.

व्हिसा संपत आला होता. बाबांनी बॅग आवरायला घेतली होती आणि मला रात्री झोप लागत नव्हती. हा माणूस त्या रिकाम्या घरात जाणार, “भूक नाय” म्हणत बसणार आणि एक दिवस काकींचा फोन येणार. मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

तशात एका शुक्रवारी मुलीनं टुमणं लावलं. शहरात दस्मानच्या अलीकडे एका गल्लीत चिनी खाण्याचं एक दुकान आहे, तिच्या वर्गातली सगळी तिथे जाऊन आली आहेत, तिथे तव्यावर भाजलेले बन्स मिळतात आणि त्यांच्या आत सूप असतं. “सूप बनच्या आत, आई! बाहेर नाही, आत!” माझा नवरा ड्यूटीवर होता. मला दुकानात काडीचा रस नव्हता, पण घरात बसून बाबांचं बॅग आवरणं बघायचं नव्हतं. बाबा म्हणाले, “चला, बाय म्हणता तर जावया.” त्यांना नातीचं मन मोडवत नसे.

गल्लीत शिरलो आणि मी कपाळाला हात लावला. दुकान म्हणजे एक काउंटर, एक तवा आणि बाहेर फुटपाथवर मांडलेली प्लॅस्टिकची स्टुलं. त्याच्यापुढे ही रांग! पांढरे पायघोळ दिशदाशा घातलेली कुवेती पोरं, फिलिपिनो बायका, बाबागाडीत पोर घेऊन उभी असलेली जोडपी. गाडी लावायला तीळभर जागा नाही. मागचा हॉर्नवर हॉर्न मारतोय. मी दोघांना उतरवलं आणि मुलीला म्हटलं, “रांगेत उभी राहा, आजोबांना स्टूल दे, मी आलेच.”

ती ‘आलेच’ कसली. दोन गल्ल्या फिरले, अर्ध्या तासानं एका मशिदीमागच्या मोकळ्या वाळूत जागा मिळाली ती लांब. हिवाळ्यातला कुवेतचा वारा समुद्रावरून येतो आणि नाका-कानात शिरतो. मी दुपट्टा डोक्याला गुंडाळून चालत होते आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या देत होते. चिन्यांना, पार्किंगला, वर्गातल्या पोरींना. म्हटलं, आता बाबा एक घास खाणार, “झाला माझा” म्हणणार, आणि एवढ्या लांब येऊन मी तेच बघणार.

वळणावर आले आणि मला पहिल्यांदा आवाज ऐकू आला. भुरका. लांब, पोटातून ओढलेला, शेवटी ‘आह्’ असलेला. तो आवाज मी हजारात ओळखीन. बाबा चहा बशीत ओतून पितात तो आवाज. आई म्हणायची, “गिरण बंद झाली तरी तुमची घरघर चालूच.” ती गेल्यापासून बाबा चहा कपातूनच पीत होते, गुपचूप.

बाबा स्टुलावर बसले होते, पाय फाकून, पुढे वाकून. शर्टावर छातीपासून पोटापर्यंत तेलकट ओघळ. समोरच्या कागदी ताटलीत गोल, गुबगुबीत, खालून खरपूस तांबूस झालेले ते बन्स. डाव्या हातात व्हिनेगरची छोटी बशी, आणि त्या बशीत त्यांनी बनमधलं सूप ओतून घेतलेलं. भुरका मारायचे, मग उरलेला बन घासात घ्यायचे, डोळे मिटून चावायचे. मुलगी समोर उभी राहून हसत होती. मला बघून ती ओरडली, “आई, ही इज ईटिंग! हा चौथा!”

मी तिथेच उभी राहिले. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. लोक बघत होते, बघू देत.

“बस गो,” बाबा म्हणाले. “हे मोदकच आसत. तव्यारचे. पीठ तांदळाचा नाय, मैद्याचा. पण कळये बघ काय काढल्यांत.” गिरणवाल्या माणसानं आधी पीठच बघितलं होतं.

शर्टाचा उलगडा मुलीनं केला. ताटली आली तेव्हा आजोबांनी पहिला बन हातात घेतला, त्याच्या चुण्या बघितल्या, वरचं नाक चिमटीत धरलं आणि तोडलं. आमच्याकडे उकडीचा मोदक असाच खातात. नाक मोडायचं आणि त्या भोकात तूप सोडायचं. बाबांनी सवयीनं नाक मोडलं आणि आतलं उकळतं सूप पिचकारीसारखं उडालं. दुकानातल्या बाईनं धावत येऊन कागद दिले, खुणेनं शिकवलं, असं छोटं भोक पाड, असं ओढ. बाबांनी ते बघितलं आणि बशी पुढे ओढली. ओढायचं शिकवायला त्यांना चिन्यांची गरज नव्हती.

“मी एक खाऊ?” मी विचारलं.

“खा मगे. पण आणखी मागव.” हे वाक्य मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. एक बन उचलला, चावायला तोंडाशी नेला.

“मटण काय लुसलुशीत आसा बघ,” बाबा म्हणाले. “ह्या चेडवाक म्हटलंय, तू जागा धर, ऑर्डर मी देतंय. अरबी काय कठीण नाय. तवेवालो विचारता, दजाज, बकर? मी म्हटलंय, बकरा, बकरा. तो म्हणालो, बकर? मी म्हटलंय, हां रे बाबा, बकरा. बकऱ्याक हय बकरच म्हणतत. आपलीच भाषा!”

बन माझ्या हातातच राहिला.

कुवेतमध्ये आलेला प्रत्येक मराठी माणूस पहिल्या महिन्यात हे शिकतो. कुणी शिकवतो तरी, नाहीतर ठेच लागून शिकतो. दजाज म्हणजे कोंबडी. बकरा हवा असेल तर ग़नम म्हणायचं. आणि बकर म्हणजे गाय.

मी बाबांकडे बघितलं. ते पाचवा उचलत होते.

माझं सोडा. मी इथे इतकी वर्षं काढली, हॉटेलात एकाच चिमट्यानं काय काय उलटतात ते बघून न बघितल्यासारखं करायला शिकले. पण बाबा वेगळे. आमच्या गोठ्यात एक तांबडी गाय होती, आईची. पानातला पहिला घास गायीचा, तो तिला नेऊन दिल्याशिवाय बाबा जेवायला बसत नसत, ताप असला तरी. आईच्या बाराव्यानंतर गाय काकींकडे दिली, कारण दूध कोण काढणार? त्या संध्याकाळी बाबांनी फोनवर मला आईबद्दल काही सांगितलं नव्हतं. फक्त म्हणाले होते, “गायेक दिलंय गो,” आणि फोन ठेवला होता.

आता यांना काय सांगू? हे कळलं तर हा माणूस इथेच उलटी करेल, आणि पुन्हा कुणाच्याही हातचा घास तोंडात घालणार नाही. माझ्याही. न सांगू? सांगितलं नाही तर ते समोर बसून आणखी खाणार आणि मी बघत राहणार. त्यांचा हात धरायला माझा हात पुढे गेला आणि मी तो मागे घेतला. कित्येक महिन्यांनी भुकेजलेल्या बापाचा हात कसा धरायचा? खरं सांगते, मी देवाला म्हटलं, दुसरं काहीही कर, हे नको.

“आणखी आणते,” म्हणून मी उठले.

रांग ओलांडून थेट काउंटरला गेले. मागून कुणीतरी ओरडलं, मी वळून एक नजर दिली, तो गप्प झाला. काउंटरवर चिनी कुणी नव्हतं. गल्ल्यावर एक नेपाळी बाई होती, कपाळाला बारीक टिकली, केसांवर जाळी. मघाशी कागद घेऊन धावली ती हीच.

“सुनिए,” मी म्हटलं. “वो अंकल, सफ़ेद शर्ट, उनको क्या दिया? सच बताइए. वो गाय नहीं खाते.”

तिनं बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हसायलाच लागली.

“दीदी, अंकल बकरा बोला न? हम सुना. तवावाला बकर समझा. हम बोला, रुको रुको, अंकल को मुर्गी दो. हमारा नेपाल में भी बाख्रा बोलता है. हम भी पहला महीना यही ग़लती किया, बहुत रोया.” मग तिनं तव्याकडे बोट केलं. “देखो, तवा दो है. ये सफ़ेद तिल, मुर्गी. वो काला तिल, बकर. अंकल का प्लेट देखो.”

मी मान वळवली. स्टुलापासून काउंटर फार लांब नव्हता. बाबांच्या ताटलीत बनवर पांढरे तीळ होते. पांढरेशुभ्र, संक्रांतीचे असतात तसे.

“और अंदर का सूप?” माझी शंका अजून मेली नव्हती.

“मुर्गी के पंजे का. हम रोज़ खाता है, दीदी. हम भी वो नहीं खाता.”

मी काउंटर धरला. रुग्णालयात माणसं रिपोर्ट हातात घेऊन भिंतीला टेकतात, हसू की रडू करतात, ते मी रोज बघते. भिंतीला टेकायची पाळी माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. मी त्या बाईचा हात हातात घेतला आणि तो सोडायचं मला सुचेना. ती आपली दुसऱ्या हातानं पुढच्या गिऱ्हाइकाचे पैसे घेत राहिली. मागचा कुवेती मुलगा म्हणाला, “यल्ला, खालती,” म्हणजे चला, मावशी. मी त्यालाही हसून बघितलं.

“एक प्लेट और,” मी म्हटलं. “सफ़ेद तिल.”

तवा उघडला तो क्षण मी नीट बघितला, आता माझा जीव थाऱ्यावर होता. एवढा मोठा, बसका, काळा तवा, त्यावर लाकडी झाकण. झाकण उचललं की वाफेचा लोट, वाफ सरली की चिकटून बसलेले पन्नासएक बन्स, त्यावर मूठभर कांद्याची पात आणि तीळ. आईच्या मोदकपात्राचं झाकण निघायचं तेव्हा मी आणि शेजारची पोरं अशीच वाकून बघायचो आणि ती ओरडायची, “मागे सरा, तोंडां भाजतली.”

ताटली घेऊन आले तर हसू दाबता येईना. बाबांनी विचारलं, “काय गो, कोणाची गजाल?”

पोटात ठेवणं मला जमत नाही. मी सगळं सांगितलं. बकर म्हणजे काय, तवेवाला काय समजला, ती बाई मध्ये कशी पडली. मुलगी ऐकता ऐकता तोंडावर हात घेऊन म्हणाली, “ओ माय गॉड, बकर इज काऊ! हे आमच्या टेस्टला होतं!” शाळेत अरबी घोकलं होतं, परीक्षेपुरतं.

बाबांचा चावायचा वेग कमी झाला, मग थांबला. त्यांनी हातातला बन ताटलीत ठेवला. त्याकडे बघत बसले. मला वाटलं, झालं, माझी जीभ जळो, एवढं पोटात ठेवता आलं नाही मला.

“म्हणजे ह्या गायेचा नाय?”

“नाही हो बाबा. नाही. पांढरे तीळ म्हणजे कोंबडी. मी विचारून आले. ती बाई स्वतः खात नाही.”

“कोंबडी.”

“कोंबडी.”

“गावठी?”

“इथे गावठी कुठली? ब्रॉयलर.”

मुलगी माझ्याकडे बघतेय, मी बाबांकडे. त्यांनी वळून काउंटरकडे बघितलं, बसल्या जागेवरून दोन्ही हात जोडले आणि त्या बाईला दिसेपर्यंत तसेच धरून ठेवले. तिनं गिऱ्हाइकांच्या डोक्यांवरून हात हलवला. मग बाबांनी बन परत उचलला, नाकापाशी एक बारीक भोक पाडलं आणि सूप बशीत ओतलं.

“मगे तू करतंस त्या सुपाक ही चव कित्या येना नाय?” ते म्हणाले.

मुलगी हसून हसून स्टुलावरून पडायची बाकी होती. मला राग यायला हवा होता, एरवी आला असता. मी एवढंच म्हटलं, “बाबा, तुम्ही प्यायलाच नाही ते. कबुतरांना विचारा.” बाबा हसले. आवाज न होता, पोट हलवून, डोळे बारीक करून. ते हसू मी विसरूनच गेले होते.

खाऊन झाल्यावर आम्ही थोडे बसून राहिलो. बाबा शेवटचा बन हातात फिरवून बघत होते, त्याच्या चुण्या बोटानं मोजल्यासारख्या चाचपत होते.

“तुझ्या आवशीन ह्या बघितल्यान असता तर,” ते म्हणाले, “म्हटल्यान असता, ह्यांका मोदक करूक येनत नाय. खालून करपवल्यांनी.”

इथे आल्यापासून आईचं नाव त्यांनी पहिल्यांदा काढलं होतं. मुलीनं विचारलं, “आजी कशी करायची?” आणि बाबा तिला सांगायला लागले. उकड कशी मळायची, पाण्याचा हात कसा लावायचा, उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या कशा करायच्या, त्यात मिरची किती. गाडीपर्यंतची ती लांब वाट ते सांगत होते. ती मध्येच इंग्रजीत काहीतरी विचारायची आणि हे मालवणीत उत्तर द्यायचे. दोघांचं कुठे अडत नव्हतं.

मी त्यांच्या मागून चालत होते. वारा तसाच होता, आता बोचत नव्हता.

परतीच्या रस्त्यावर मुलगी मागच्या सीटवर झोपली. बाबा पुढे, काचेतून बाहेर बघत. मला वाटलं, त्यांचाही डोळा लागला. मनात म्हटलं, आज खाल्लं ते खरं, पण चार दिवसांनी विमानात बसतील, मग तिकडे कुठला तवा आणि कुठली ती नेपाळी बाई. एका दिवसाच्या खाण्यानं माणूस परत येतो का? सुटकेच्या पाठोपाठ ही काळजी आलीच, माझ्या स्वभावात आहे ते. सबाह अल-सालेमची पाटी गेली तेव्हा बाबा सीटवर जरा सरळ झाले.

“काय हो? शर्ट ओला लागतोय का?” मी विचारलं.

“नाय.” ते सीटबेल्टशी चाळा करत राहिले. अवघडल्यासारखे. मग म्हणाले, “घराक गेल्यार वायंच भात टाकशीत?”

“बाबा! एवढं खाल्लंत ना आता?”

“ता खाणा झाला गो. जेवण खंय झाला? भात नाय तर जेवण कसला.” आणि मग, खिडकीकडे तोंड वळवून, एकदम लहान आवाजात, “भूक लागली माका.”

उभ्या जन्मात त्यांनी हे कुणाला म्हटलं नव्हतं. आईला नाही, मला नाही. मागण्यासाठी शब्द शोधायची पाळी त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती, आणि त्यांना तो सापडला होता. आता तिकडे काकींनाही ते तो सांगू शकतील, हे मला लख्ख कळलं. मी एका हातानं स्टिअरिंग धरून ठेवलं आणि रस्ता नीट दिसेल एवढ्यापुरते डोळे पुसले.

घरी गेल्यावर मी चप्पलही न काढता तांदूळ धुतले. शिट्ट्या झाल्या, आमटी गरम केली, ताट मांडलं. बाबा हात धुऊन बाहेरच्या खोलीत बसून होते. हाक मारायला तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून आईचा शब्द आईच्याच आवाजात निघाला.

“वाढलंय.”

आणि खुर्ची सरकल्याचा आवाज आला.